दाजींनी भिजवलेलं पाकीट

दाजी,

तुम्ही अक्काला बघायला जळकोटला आलात त्या दिवशी आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता आणि अण्णांच्या शिलाई मशिनीवर चादर टाकून तिचंच टेबल केलं होतं. मुलगी चहा घेऊन येईपर्यंत पाहुण्यानं खाली मान घालून बसायचं, अशी रीत. तुम्ही मात्र मान वर करून भिंतीकडं बघत होतात. तिथं तारेच्या आकड्याला अण्णांची सगळी टपालं टोचलेली असायची. कापडवाल्याची, सोयऱ्यांची, लग्नाची, मयताची. अक्का कपबशा घेऊन समोर उभी, आणि तुम्ही अण्णांना विचारलंत, "मामा, त्या तिसऱ्या पाकिटावरचं तिकीट मला मिळंल का?"

अण्णा तसेच उठून स्वयंपाकघरात आले आणि आईला म्हणाले, "ह्यो पोरगी बघाया आलाय का टपाल?"

आई म्हणाली, "कागदाचाच नाद हाय ना? बाटलीचा न्हाई ना? मग द्या पोरगी."

मी तेव्हा नववीत होते आणि दाराआडून सगळं ऐकत होते. तुमचं लग्न टपालाच्या तिकिटावर जमलं, हे मी पुढं पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत आले. अक्का चिडायची. तुम्ही म्हणायचात, "खरं हाय की. तिकीट बी चांगलं निघालं आन् पोरगी बी."

आज तुम्हाला जाऊन सहा दिवस झाले. मी लातूरहून नांदेडला आले ती इथंच आहे, अक्काजवळ. तुमच्या खोलीत, तुमच्याच टेबलाशी बसलेय. दवाखान्यातून मोडीत निघालेला, तिकिटं भिजवायचा तुमचा तो एनॅमलचा ट्रे खिडकीत पालथा घातलेला आहे. चिमटा जागेवर आहे. तुमचा चष्मा अक्कानं उचलून कपाटात ठेवलाय, कारण तो दिसला की ती काम करता करता थांबते. मी रडले नाही असं नाही, पण तुमची आठवण निघाली की आधी हसूच येतं. त्याला माझा इलाज नाही. तुम्ही माणूसच तसे होतात.

तुम्ही नोकरीला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. गावोगावची माणसं तुम्हाला डॉक्टर म्हणायची आणि तुम्ही दर वेळी थांबून सांगायचात, "डाक्टर न्हाई बाबा, डाक्टरच्या हाताखालचा." देवणीला होतात तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीत आले होते. तुम्ही टपालानं शंभर परदेशी तिकिटांचं एक पुडकं मागवलं होतं, आणि रात्री जेवायच्या आधी ते चटईवर ओतलंत. राजे-राण्या, फुलपाखरं, आगगाड्या, आणि त्यात रुमानियाचं एक तिकीट, त्यावर कुत्र्याचं तोंड.

"ही कुत्री हाय," तुम्ही म्हणालात. "कुत्रा न्हाई."

"कशावरून?"

"तोंडावरून."

मी सायन्सला होते आणि वसतिगृहातून नव्यानंच शिंगं फुटून आले होते. मी तुम्हाला सगळं सांगितलं. हिचं नाव लायका, रस्त्यावरची कुत्री होती, रशियानं हिला यानात बसवून आभाळाच्या पलीकडं पाठवलं, पृथ्वीला फेऱ्या घालणारा पहिला जीव तो हिचाच. तुम्ही एकच प्रश्न विचारलात.

"आली का परत?"

"नाही. परत आणायची सोयच नव्हती त्यात."

"म्हंजी ठाऊक आसून पाठिवली?"

"हो."

तुम्ही हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवलात. अक्का म्हणाली, आमटी गार होऊन राहिली. त्या दिवसापासून तुम्ही राजे-राण्या, फुलपाखरं सगळी शेजारपाजारच्या पोरांना वाटून टाकलीत आणि फक्त अंतराळात गेलेल्या जनावरांची तिकिटं जमवायला लागलात. कुत्री, माकडं, उंदीर, ससे. माणसांचीही ठेवायचात, पण मागच्या पानांवर. "आधी कोण गेलं?" म्हणायचात. "जनावर. मग माणूस मागच्या पानावर बसंल न्हाई तर काय."

आणि अल्बम कसला, तर दवाखान्यातलं जुनं आवक-जावक रजिस्टर. डावीकडं जावक, उजवीकडं आवक, तसे रकाने छापलेलेच होते. जे जनावर वर गेलं त्याचं तिकीट डावीकडं. परत आलं तर त्याच ओळीत उजवीकडं लाल शाईनं "आली" नाहीतर "आला". त्या दोन रशियन कुत्र्या एका दिवसात जिवंत परत आल्या, त्यांच्यासमोर तुम्ही "दोघी सुखरूप" असं लिहिलं होतं आणि खाली सही ठोकली होती. सरकारी नोकराची सवय. लायकाच्या समोरचा रकाना कोरा होता.

त्या रकान्यावरून आपलं जे भांडण झालं ते काही कधी मिटलं नाही. मी म्हणायचे, ती आठवडाभर तरी वर जिवंत होती, पुस्तकात लिहिलंय, तसं टाका. तुम्ही म्हणायचात, "एक दिवस बी काढला नसंल."

"दाजी, हे शास्त्रज्ञांनी सांगितलंय."

"शास्त्रज्ञानं सांगितलं आसंल. म्या ट्रकमधी मेलेली म्हशीची वगारं बघितल्यात. बंद डबा, वरून ऊन, जीव घाबरा. जनावर उन्हानं जातं, सुमन. भुकेनं लई उशिरा."

मी तुम्हाला अडाणी म्हणाले होते. तोंडावर नाही, अक्काजवळ. पण अक्कानं ते तुम्हाला सांगितलं असणारच. पुढं बऱ्याच वर्षांनी पेपरात आलं, की ती कुत्री काही तासांतच उष्णतेनं आणि भीतीनं गेली होती, एवढे दिवस ते सांगितलं नव्हतं. मी ते कात्रण घेऊन मुद्दाम नांदेडला आले. वाटलं, आता दाजी आपली मिजास चांगली उतरवणार. तुम्ही कात्रण वाचलंत, घडी घातलीत आणि म्हणालात, "तिकिटावर तर कशी हासून राहिली बघ." बास, एवढंच. जिंकल्यावर गप्प बसायचं हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही. आमच्या घरात तर कुणालाच येत नाही ते.

मी लातूरला शाळेत सायन्स शिकवायला लागले आणि आपल्या दोघांचं टपाल सुरू झालं. फोन आले, मोबाइल आले, तरी तुम्ही महिन्याला एक पत्र टाकायचातच, कारण पत्राशिवाय तिकीट चालत नाही. पाकिटावर तिकिटाशेजारी बारीक अक्षरात लिहायचात, "कृपया शिक्का हळू मारावा." टपालवाले ते वाचून हमखास सगळ्यात जाड शिक्का हाणायचे. एकदा तर तिकिटावरचं यान पूर्ण काळं होऊन आलं आणि तुम्ही कळवलंत की यान रात्रीच्या बाजूला गेलंय, काळजी नसावी.

मला कोरी तिकिटं आवडायची. पाठीवर डिंक असलेली, न वापरलेली, काठाचे दात न दुखावलेली. तुम्हाला ती बघवायची नाहीत. "न चाललेलं तिकीट म्हंजी न जुंपलेला बैल," म्हणायचात. "दिसाया देखणा, कामाचा काय भरवसा?" देवणीची गोष्ट निघाली की मग तास जायचा. देशी गाईबैलांची तिकिटं निघाली तेव्हा त्यात आपली देवणी जात नव्हती. तुम्ही टपाल खात्याला त्याबद्दल दोन पत्रं लिहिलीत, दोन्हींवर शिक्का हळू मारावा असं लिहून. उत्तर आलं नाही. मी म्हणाले, देवणी बैल अंतराळात पाठवा, मग निघेल तिकीट. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "वशिंड मावंल का?"

आता पुढचं लिहायला पाहिजे. तुमच्या गमती सांगत बसले तर रात्र पुरायची नाही, आणि मला जे लिहायचंय ते तसंच राहील.

दाजी, तुम्हाला तो उन्हाळा आठवत असेल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. गल्लीत टँकर आठवड्यानं यायचा, तोही दुपारचा बारा-एकला, आणि माणसं हंडे-घागरी रांगेत लावून सावलीला बसायची. त्या दिवसांत शाळेसाठी मी अंतराळाच्या तिकिटांचा एक मोठा फलक करायला घेतला होता. त्यासाठी वर्षानुवर्षं साठवलेले पाकिटांचे तुकडे माझ्याकडं बुटाच्या खोक्यात पडून होते. तिकीट कागदावरून सोडवायचं तर तासभर पाण्यात ठेवायला लागतं, आणि आमच्याकडं भांडी धुतलेलं पाणी सुद्धा आम्ही दोनदा वापरत होतो. तिकिटं भिजवायला पाणी मागायचं कुणाला? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

तुम्ही फोनवर हसलात. "पाठीव इकडं तुझं खोकं. आमच्या नळाला आठवड्यातनं दोनदा का हुईना, पाणी हाय. म्या भिजवतो, वाळवतो, दाबून पाठिवतो. लातूरच्या तिकिटाला नांदेडचं पाणी." मी खोकं बांधलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर पाठवून दिलं.

त्या खोक्यात सगळ्यात खाली अण्णांचं पाकीट होतं.

अण्णांनी मला आयुष्यात एकच पत्र लिहिलं. मी वसतिगृहात नवी होते, भाकर कच्ची मिळायची, मुली बोलायच्या नाहीत, मी घरी लिहिलं की मला परत न्या. अण्णा रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलेले. त्यांनी उत्तर लिहिलं, "चि. सुमनला जयभीम. परत यायचे नाही. इथे मशीन मी चालवतो, तिथे पुस्तक तू चालव. भाकर कच्ची असली तर चावून खा." मग पोष्टात जाऊन मास्तरांना म्हणाले, पोरगी सायन्सला हाय, सायन्सचं तिकीट द्या. मास्तरांनी आपल्या पहिल्या उपग्रहाचं तिकीट काढून दिलं. ते कुठं लावायचं हे काही अण्णांना माहीत नव्हतं. त्यांनी ते पाकिटाच्या बरोबर मधोमध चिकटवलं आणि पत्ता त्याच्या भोवती लिहिला. वर माझं नाव, डावीकडं वसतिगृह, खाली लातूर, आणि जागा उरली नाही म्हणून उजवीकडं उभं, जिल्हा उस्मानाबाद. शिक्का जळकोटचा. ते पाकीट बघून वसतिगृहातल्या मुली पहिल्यांदा माझ्याशी बोलायला आल्या.

पत्र मी पेटीत ठेवलं होतं, ते अजून आहे. पाकीट मात्र तिकिटांच्या खोक्यात ठेवलं, कारण ते मला सगळ्यात मोलाचं तिकीट वाटायचं. आणि त्या उन्हाळ्यात, पाण्याच्या आणि फलकाच्या घाईत, ते खाली आहे हे मी विसरले.

जूनमध्ये तुमच्या मुलाच्या, प्रवीणच्या, मुलीच्या नाव ठेवण्याला आम्ही सगळे नांदेडला जमलो होतो. प्रवीण, सून, माझी भावंडं, त्यांची लेकरं, घर माणसांनी भरलेलं. तुम्ही मोठ्या हौसेनं माझी तिकिटं आणून दिलीत, जाड पुस्तकात दाबून सपाट केलेली, एकावरही सुरकुती नाही. त्यात मला उपग्रहाचं तिकीट दिसलं. मी विचारलं, "ह्याचं पाकीट कुठाय?"

तुम्ही म्हणालात, "भिजवलं की. शाईचं लिहिलेलं होतं, सगळं निळं पाणी झालं. कागद ऱ्हायला न्हाई."

मी काय काय बोलले ते मला सगळं आठवतं. ते इथं लिहवत नाही. तिकिटाच्या नादापायी माझ्या बापाचं अक्षर पुसलंत, हे मी म्हणाले. एवढी वर्षं जनावरांत काढलीत, माणसाचं काय असतं ते तुम्हाला कसं कळणार, हेही म्हणाले. पाळण्यातली पोर घाबरून रडायला लागली. तुम्ही एवढंच म्हणालात, "अगं, म्या तुला फोन..."

"कसला फोन?" मी ओरडले. "फोन केला असता तर मी भिजवू दिलं असतं का? काही फोन केला नव्हता तुम्ही!"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग अक्काकडं. मग सगळ्यांसमोर, वयानं एवढे मोठे तुम्ही, मला हात जोडलेत. "हाव. न्हाई केला. कराया पाह्यजे हुता. चुकलंच माझं."

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका दुपारी टँकर आला. मी रांगेत होते, नंबर जवळ आलेला, मागच्या बाईची घागर माझ्या पाठीला लागत होती. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला आणि ती बाई कानाला लावून ओरडली, "आत्ता न्हाई, पाण्याला हाय!" आणि मला सगळं आठवलं. मीही अशीच उभी होते. माझाही फोन वाजला होता. तुमचा आवाज, टँकरच्या मोटारीच्या घरघरीत अर्धा ऐकू येणारा: "सुमन, यात एक आख्खं पाकीट हाय गं. अण्णाचं दिसतंय. हे बी भिजवू का ठिवू?" आणि मी, एक हात हंड्यावर, पुढची बाई दोन घागरी जास्त भरतेय तिच्याकडं डोळे, म्हणाले होते, "सगळंच भिजवा म्हणलं ना दाजी! एकेक काय विचारता!" आणि फोन ठेवून दिला होता.

तुम्ही काय ऐकलंत, एवढंच: भिजवा. फलकाला उपग्रहाचं तिकीट पाहिजे, हे मीच तुम्हाला चार वेळा सांगितलेलं. तुमचं कुठं चुकलं होतं?

हंडा भरून घरी आले तेव्हा पहिलं मनात आलं की आत्ताच्या आत्ता तुम्हाला फोन लावावा. मग वाटलं, तोंडानं सांगायला पाहिजे, नांदेडला जाऊन. मग दिवाळी आली, आणि दिवाळीत प्रवीणच्या बायकोनं हसत हसत सांगितलं, "बाबांजवळ कागद देऊ नका बरं, भिजवतील." सगळे हसले. तुम्हीही हसलात. पुढं तुम्हीच ती गोष्ट सांगायला लागलात. कुणी आधार कार्ड काढलं की "माझ्याकडं देऊ नगा, म्या भिजवीन." लग्नपत्रिका आली की "आधी भिजवू का आधी वाचू?" दर वेळी माणसं हसायची, आणि हसताना तुम्ही माझ्याकडं कधी बघायचा नाहीत. ते मी पक्कं टिपून ठेवलंय. तुम्ही कधीही माझ्याकडं बघितलं नाहीत.

दहा वर्षं झाली याला. दहा वर्षं मी तुमच्या ताटात जेवायला वाढलं, तुमची पत्रं घेतली, तुमच्या तिकिटांचं कौतुक केलं, आणि ही एक गोष्ट सांगितली नाही. आधी लाज वाटली म्हणून. मग उशीर झाला म्हणून. मग ती सगळ्या घराची गंमत झाली होती, आता ती मोडून काय मिळवायचं, असं म्हणून. सायन्सची बाई मी. मुलांना शिकवायची, चूक कळली की वहीत लगेच दुरुस्त करा.

गेल्या महिन्यात तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी ठरवून आले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही मला रजिस्टर उशाशी आणायला लावलंत, बोटानं पान उलटलंत आणि म्हणालात, "ह्या माकडाला जरा सरळ कर गं, तिरकं बसलंय." मी चिमट्यानं माकड सरळ केलं. तोंड उघडलं, तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली. नर्स आली म्हणून राहून गेलं, असं मी परवापर्यंत स्वतःला सांगत होते. नर्स पाच मिनिटांत गेली होती, दाजी. त्यानंतर मी तुमच्याजवळ दोन तास बसले होते.

काल दुपारी अंगणात बसलेल्या पाहुण्यांत पुन्हा ती गोष्ट निघाली. प्रवीणनंच काढली, मायेनं, डोळे पुसत पुसत. आमच्या बाबांनी एकदा मावशीला आलेलं आजोबांचं पाकीटच भिजवून टाकलं होतं. माणसं हसली. तुम्ही गेल्यावर या घरात पहिल्यांदाच हसू उमटलं होतं, आणि ते खोट्या गोष्टीवर उमटलं होतं. मला तिथं बसवेना. मी उठून आत गेले. अक्का मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. टँकर, फोन, मी काय म्हणाले, मला कधी आठवलं, सगळं.

अक्काचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय. फोन लावला तवा म्या शेजारीच बसले व्हते. तुझा आवाज बी आला मला."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस? मी एवढं वाट्टेल ते बोलत होते त्यांना..."

"बोलणारच व्हते. त्यांनी हात दाबला माझा." तिनं काड्या बाजूला केल्या. "रातच्याला म्हणले, तिच्या बापाचं अक्षर गेलंय. ते तिच्याच सांगण्यानं गेलं, हे बी कामून तिच्या पदरात घालायचं? राहू दे माझ्याकडं."

मी रडायला लागले तर अक्का माझ्यावर चिडली. तुम्हाला माहीत आहे, ती अशी क्वचित चिडते. "आता रडून काय करून राहिलीस? दहा वर्षं समद्यांनी हासून घेतलं माझ्या माणसाला. म्या ऐकलं, कारण त्यांनी शपथ घातली व्हती मला. तुला आठवत न्हाई आसं त्यांला वाटायचं. मला बी तसंच वाटायचं. आन् तुला आठवत व्हतं, सुमन?"

मी खाली पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करायला लागले.

जुडी संपल्यावर ती म्हणाली, "परवा त्यांच्या पुण्यानुमोदनाला चार शब्द तू बोल. बाकीचे बोलतील ते बोलतील. तू हे बोल."

म्हणून हे लिहायला बसले, दाजी. मी तुमची माफी मागत नाही, कारण तुम्ही ती कधीच देऊन टाकली आहे आणि मला न विचारता दिली आहे. तुम्ही मला किती मोठं देणं दिलंत हे मला काल मेथीच्या जुडीसमोर कळलं, आणि आभार मानायला तुम्ही नाही. मी तुमच्यावर रागावलेही आहे थोडी. असं कुणाच्या वतीनं हात जोडायचे नसतात. त्या माणसाला मग आयुष्यभर खरं बोलायला जागा उरत नाही. हे तुमच्याशी भांडायचं राहिलं, आणि या भांडणात मात्र मी जिंकले असते.

उद्या मंडपात सगळे असतील. प्रवीण, सून, आता दहा वर्षांची झालेली ती पाळण्यातली पोर, तुमचे दवाखान्यातले सोबती, देवणीहून येणारी माणसं. बुद्धवंदना झाली की अक्का माझं नाव घेईल. वर लिहिलेलं सगळं काही मी वाचणार नाही, माझ्याच्यानं व्हायचं नाही. फक्त उभी राहीन आणि एवढं सांगेन, की अण्णांच्या पाकिटाची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी चुकीची ऐकली आहे. दाजींनी भिजवायच्या आधी मला फोन केला होता. त्यांनी विचारलं होतं. भिजवा, असं मीच म्हणाले होते.